वीकेंडला कुठे? मागच्या दारी!

टोल नाही, ट्रॅफिक नाही, बुकिंगची कटकट नाही. आठ बाय पाच फुटांचं एक तळं, त्यात न बोलावता आलेले भरपूर पाहुणे आणि काठावर टॉर्च घेऊन उभ्या शेजारच्या काकू. एका पुणेरी मान्सून डेस्टिनेशनची ही गोष्ट.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो. ‘ताम्हिणी की महाबळेश्वर?’ मग दीडशे मेसेज, तीन गाड्या, दोन कॅन्सलेशन्स आणि रविवारी रात्री चांदणी चौकात अडकलेल्यांचे रडके सेल्फी. गेली काही वर्षं मी या चर्चेत पडत नाही. ‘तू कुठे जाणारेस?’ असं कुणी विचारलंच तर सांगते, ‘तळ्यावर.’ लोकांना वाटतं पाषाण किंवा कात्रज. प्रत्यक्षात मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराचं दार उघडते आणि नऊ पावलं चालते.

आम्ही सहकारनगरात राहतो. आजोबांनी बांधलेला छोटा बंगला, मागे जेमतेम बाग. एक आंबा, एक पारिजातक, आईचं अळू आणि बाकी बाबांची कुंड्यांची आर्मी. पलीकडे तळजाईची टेकडी. लहानपणी पहिल्या पावसानंतर रात्रभर बेडकांचा असा काही ऑर्केस्ट्रा चालायचा की बाबा वैतागून खिडक्या लावून घ्यायचे. मग आजूबाजूच्या बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, मोकळ्या जागांवर पेव्हर ब्लॉक बसले आणि तो आवाज कधी बंद झाला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला ते जाणवलं बंगळूरला सहा वर्षं नोकरी करून परत आल्यावर. पाऊस पडत होता आणि खिडकीबाहेर फक्त एसीच्या पत्र्यावरची टपटप.

तेव्हाच डोक्यात किडा वळवळला. आपण तळं करायचं!

किती गुंठ्याचं?

मे 2023. दोन रविवार, माळीकाका, मी, एक पहार, दोन कुदळी आणि बाबांच्या अखंड सूचना. फूटभर खाली गेलो आणि मुरूम लागला. जिममधल्या ट्रेनरनं दोन वर्षांत जे जमवलं नव्हतं ते या मुरमानं दोन दिवसांत करून दाखवलं.

खड्ड्याचा फंडा सोपा आहे. मधोमध दोन फूट खोल, एका बाजूला फूटभर खोलीची पायरी आणि एक काठ उतरता, अगदी बशीसारखा. हा उतार सगळ्यात महत्त्वाचा. बेडकाचं पिल्लू, पाणी प्यायला आलेली मधमाशी, चुकून पडलेली खार, सगळ्यांना बाहेर पडायची वाट तीच. सरळसोट भिंतींची टाकी म्हणजे त्यांच्यासाठी सापळाच.

पाणी धरून ठेवायला शेतकरी शेततळ्यात अंथरतात तो जाड प्लास्टिकचा कागद आणायला मार्केट यार्डाच्या बाजूला गेले. दुकानदारानं विचारलं, ‘‘किती गुंठ्याचं शेततळं, ताई?’’ मी म्हटलं, ‘‘आठ बाय पाच फूट.’’ त्यानं आधी माझ्याकडे, मग माझ्या स्कूटरकडे बघितलं आणि गोदामातला एक उरलेला तुकडा काढून दिला. वर चहाही पाजला. खड्ड्यातले टोकदार दगड वेचून, आईच्या दोन जुन्या सतरंज्या अंथरून त्यावर तो कागद बसवला. कडेला दगड रचले, तळाशी धुतलेली वाळू टाकली. खतमाती मुद्दाम टाकली नाही, कारण त्या खतावर आधी शेवाळंच माजतं.

सगळं तयार झालं आणि पाऊस गायब! त्या वर्षी तो जून संपता संपता आला. महिनाभर आमच्या बागेत एक काळा, कोरडा खड्डा होता आणि येणारा-जाणारा विचारत होता, ‘‘टाकी फुटली का हो?’’

काकूंची अट

खरी अडचण पावसाची नव्हतीच. ती कुंपणापलीकडे होती.

शेजारच्या काकू मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात. त्यांच्या नातवाला 2022 च्या ऑक्टोबरमध्ये डेंग्यू झाला होता. प्लेटलेट्स घसरत होत्या, पोरगं आठ दिवस हॉस्पिटलात. काकू त्या दिवसांबद्दल आजही फारसं बोलत नाहीत. त्यांनी कुंपणावरून खड्डा बघितला आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘अगं, डासांना घर बांधून देतेस होय?’’

मी गुगलछाप लेक्चर देणार होते, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. त्यांची भीती खरी होती. आणि माझ्याकडे तेव्हा पुरावा शून्य.

शेवटी तह झाला. दर रविवारी सकाळी काकू स्वतः येऊन तळं तपासणार. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी डासाची एक जरी अळी दिसली तर तळं बुजवायचं. नो आर्ग्युमेंट्स. शिवाय नातू लहान, म्हणून तळ्यावर लोखंडी जाळी हवी. ही दुसरी अट तर मी आनंदानं मान्य केली. फूटभर पाणीसुद्धा लहान मुलाच्या जिवाला धोका असू शकतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तळं भरलं आणि आठ दिवसांत पाणी पालकाच्या सूपसारखं हिरवंगार झालं. दुसऱ्या रविवारी काकूंनी टॉर्च मारला आणि म्हणाल्या, ‘‘ह्या बघ.’’ काठाशी वळवळणाऱ्या अळ्या. एकदोन नव्हे, चांगल्या पन्नासेक.

पोटात गोळा आला. सगळ्यांनी सल्ला दिला, गप्पी मासे सोड. गप्पी अळ्या खातात हे खरं, आरोग्य खात्याची माणसं त्यासाठीच ते वाटतात. पण ते बेडकांची अंडी आणि इवलाली पिल्लंही सोडत नाहीत. मासे सोडले की तळ्याचं फिश टँक होणार आणि ज्या आवाजासाठी हा सगळा खटाटोप, तो काही यायचा नाही. मग मी रोज ऑफिसला निघण्यापूर्वी चहाची गाळणी घेऊन अळ्या काढत बसले. सात वाजताचा क्लायंट कॉल कानात आणि गाळणी हातात. (गाळणी नंतर नवी आणली. आईनं बजावून.)

पाहुणे आले

तळ्याची गंमत अशी की त्यात आपण काही सोडावं लागत नाही. पाणी, थोडी झाडं आणि थोडा पेशन्स, बस. कुमुदाचा एक कंद, पायरीवर वेखंड, काठाला आईचंच अळू आणि पाण्याखाली हायड्रिला. एवढ्यावर पाणी हळूहळू निवळलं.

पहिले आले पाण्यावर चालणारे लांब पायांचे किडे. कुठून आले, देव जाणे. खरं तर उडत आले, या किड्यांतल्या अनेकांना पंख असतात आणि ते रात्री नवं पाणी शोधत फिरतात. मग उताणे पोहणारे किडे. आणि मग चतुर! लहानपणी आपण ज्यांच्या शेपटीला दोरा बांधायचो (माफ करा रे) तेच. मादी शेपटीचं टोक पाण्याला टेकवत, उठत, पुन्हा टेकवत अंडी घालत होती. पावसाळ्यात आपल्याकडे थव्यांनी दिसणारा एक पिवळसर चतुर वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागरापार आफ्रिकेकडे जातो, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं 2009 मध्ये मांडलं. जेमतेम दोन इंचांचा जीव आणि हजारो किलोमीटरची ट्रिप. आणि आपण ताम्हिणीला जाऊन आलो की दोन दिवस पाय चेपतो.

चतुराचं पिल्लू पाण्यातच वाढतं. सहा पाय, मोठे डोळे, रंग गाळाचा. दिसायला अगदी सामान्य, पण वृत्तीनं वाघ.

ऑगस्टचा शेवटचा रविवार उजाडला. काकू चष्मा पुसून आल्या. टॉर्च फिरवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी श्वास रोखून उभी. ‘‘ही कसली गं अळी?’’ त्यांनी बोट दाखवलं. माझं काळीज लक्कन हललं. पण ती डासाची नव्हती, चतुराचं पिल्लू होतं. डासाची अळी? एकही नाही.

काकू काही बोलल्या नाहीत. ‘‘बघू’’ म्हणाल्या आणि गेल्या.

पकडले कोण?

सप्टेंबरमध्ये महापालिकेचे कर्मचारी तपासणीला आले. मी ऐटीत त्यांना थेट तळ्यावर नेलं. त्यांनी पाणी ढवळलं, बघितलं, मान डोलावली. मग बाबांच्या कुंड्यांखालच्या बश्या उचलल्या. तिसऱ्याच बशीत अळ्या! आणि बेडरूममधल्या मनीप्लँटच्या बाटलीतही. म्हणजे दोन महिने मी तळ्यात गाळणी फिरवत होते आणि डेंग्यूचा डास माझ्या उशाशी वाढत होता.

त्या कर्मचाऱ्यानं शांतपणे समजावलं. डेंग्यूचा डास अशीच छोटी, शांत, स्वच्छ पाण्याची भांडी शोधतो. कुंडीची बशी, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, टायर. अंडी पाण्याच्या जरा वर, ओल्या कडेला चिकटवतो. ती अंडी कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा आणि भांडी घासून काढायची. बशीत अळीला खाणारं कुणी नसतं. तळ्यात असतं.

काकू कुंपणावरून सगळं ऐकत होत्या. मी लाजेनं लाल. त्या आत आल्या, हातात लोणच्याची रिकामी बरणी. ‘‘ते तुझं पिल्लू घाल यात. आणि त्या अळ्या.’’

आम्ही दोघी पायरीवर बसलो, बरणी मध्ये. पिल्लू दगडासारखं निश्चल. एक अळी वळवळत जवळ आली. त्यानं दुमडलेला खालचा जबडा हातासारखा पुढे फेकला आणि अळी गायब. डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग दुसरी. मग तिसरी.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘अजून आहेत का बश्यांत? आण.’’

हौदाची आठवण

त्या दिवसापासून काकू रविवारच्या रविवारी येतात, पण आता तपासायला नाही. एकदा सांगत होत्या, त्यांचं लहानपण पेठेतल्या वाड्यात गेलं. पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बांधीव नळांनी पाणी आणून शहरातले हौद भरले, त्यातलाच एक त्यांच्या घराजवळ. आपण आज काळा हौद, बदामी हौद असे पत्ते सांगतो, पण पाणी बघितलेलं नसतं. सारसबागेत ‘तळ्यातल्या गणपती’ला जातो, पण ती बाग म्हणजे एकेकाळचं तळं, हे किती जणांना आठवतं? या शहरानं पाण्याची नावं जपली आणि पाणी बुजवलं. 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जागतिक पाहणीनुसार जगातल्या उभयचरांपैकी सुमारे 41 टक्के प्रजाती धोक्यात आहेत. त्या मोठ्या आकड्यासमोर माझं आठ फुटी तळं म्हणजे काहीच नाही, मान्य. पण तळजाईवरून उतरलेल्या एका बेडकाला आठ फूट पुरतात.

पहिलं वर्ष आवाजाविना गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात, 2024 च्या जुलैमध्ये, अळवाच्या पानाखाली फेटलेल्या अंड्यासारखा पांढरा फेस लटकलेला दिसला. झाडावरच्या बेडकाचं घरटं! काही दिवसांनी फेस विरघळला आणि पिल्लं टपटप खाली पाण्यात. वर्षभरात खंड्या आला, धोबी आला, एकदा पाणदिवड येऊन गेली. (बिनविषारी असते. बाबा तरी खुर्चीवर चढले.)

काकूंनीही मग माळ्यावरची कामवालीनं कधीची फेकायला काढलेली दगडी डोणी खाली उतरवली. त्यात माझ्याकडचं वेखंड, हायड्रिला आणि बरणीभर तळ्याचं पाणी, म्हणजे आतल्या किड्यांसकट. टॉर्चची ड्यूटी आता त्यांच्या नातवाकडे आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला फोन वाजला. एवढ्या रात्री काकू? धस्सच झालं. पलीकडून कुजबुज आली.

‘‘झोपलीस का गं? जरा खिडकी उघड. माझ्याकडचा ओरडतोय.’’

तुम्हालाही करायचंय?

- जागा: दिवसाला चार-पाच तास ऊन हवं. मोठ्या झाडाखाली नको, पानं कुजून पाणी काळं पडतं.
- बाल्कनीवाले: मोठा टब किंवा डोणीही चालते. आत-बाहेर यायला दगडांची पायरी करा. टब भरण्यापूर्वी सोसायटीत वजनाबद्दल विचारून घ्या.
- पाणी: पावसाचं सर्वोत्तम. नळाचं असेल तर बादलीत दोन दिवस उघडं ठेवून मगच घाला. उन्हाळ्यात थोडी थोडी भर घालत राहा.
- डास: पहिले दोन महिने रोज लक्ष हवं. गाळणी चालते, किंवा बीटीआय हे जिवाणूंपासून बनवलेलं अळीनाशक वापरा. कीटकनाशकाची फवारणी अजिबात नको. आणि आधी कुंड्यांच्या बश्या रिकाम्या करा!
- हे टाळा: जलपर्णी आणू नका, सगळं तळं गिळते. ओढ्यातून बेडूक किंवा कासवं उचलून आणू नका. आपली देशी कासवं घरी पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. ज्यांना यायचंय ते आपले आपण येतात.
- लहान मुलं: घरात किंवा शेजारी असतील तर जाळी आधी, पाणी नंतर.