लेखातला पत्ता

महिला आश्रयगृहांबद्दलचा मराठी विकिपीडियावरचा लेख मी वाढवायला घेतला तो महाविद्यालयाच्या उपक्रमात. एक तोकडा लेख निवडायचा, संदर्भ देऊन सुधारायचा, असं काम होतं. मी समाजकार्याची विद्यार्थिनी, त्यामुळे हा विषय मला जवळचा वाटला. त्या लेखात मी बऱ्याच चुका केल्या. काही इतर संपादकांनी दुरुस्त केल्या. एक मात्र अशी होती की ती एखाद्या बाईच्या जिवावर बेतू शकली असती. ती लिहून ठेवते आहे, कारण या विषयावर काम करणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या हातूनही ती सहज घडेल.

सुरुवातीची चूक अभिमानातून झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. गरोदर राहिलेल्या विधवांना तिथे कोणाला कळू न देता बाळंत होता येई. तिथेच बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा, यशवंत, फुले दाम्पत्याने १८७४ साली दत्तक घेतला. हे लिहिताना मी पुढे जोडून दिलं की हे जगातलं पहिलं महिला आश्रयगृह. संदर्भ दिला एका गौरवपर लेखाचा. चर्चा पानावर एका संपादकाने शांतपणे विचारलं की जपानमधल्या कामाकुराच्या तोकेइजी मठाचं काय? १२८५ साली स्थापन झालेला हा भिक्षुणींचा मठ. नवऱ्याला सोडून आलेल्या बायका तिथे आसरा घेत, आणि ठरावीक वर्षं राहिल्यावर त्यांना काडीमोड मिळे. मला ते वाक्य काढावं लागलं. काढताना लक्षात आलं की ‘पहिलं’ ठरवण्याच्या नादात मी त्या घराचं खरं वैशिष्ट्य एका ओळीत उरकलं होतं. आलेल्या बाईचं नाव बाहेर फुटणार नाही, हा भरवसा त्या घराने दिला होता. तिथे येणारीला त्याहून मोलाचं दुसरं काही नव्हतं.

पंडिता रमाबाईंचं १८८९चं शारदा सदन, पुढे केडगावचं मुक्ती सदन, कर्व्यांचा १८९६चा अनाथ बालिकाश्रम हे सगळं मी नीट लिहिलं. मग युरोपाकडे वळले. लंडनच्या चिझिकमध्ये एरिन पिझी यांनी १९७१ साली उघडलेलं घर, आणि १९७४ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये सुरू झालेलं घर. या दुसऱ्या घराचा पत्ता मुद्दाम गुप्त ठेवलेला असे, हेही मी लिहिलं.

आणि त्याच लेखात, थोडं खाली, मी आपल्याकडच्या एका छोट्या संस्थेच्या निवाऱ्याचा पूर्ण पत्ता दिला. गल्लीच्या नावासकट.

हे कसं झालं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या डोळ्यांसमोर लेख तपासणारे शिक्षक होते. लेख भरगच्च दिसावा, प्रत्येक संस्थेपुढे काहीतरी असावं, असं वाटत होतं. पत्ता मिळाला होता एका माहितीपत्रकात, आणि छापलेल्या गोष्टीला मी संदर्भ समजत होते. ते पत्रक पोलीस आणि संरक्षण अधिकाऱ्यांसाठी होतं, हे त्याच्यावर लिहिलेलंही होतं. शासकीय महिला गृहांचे पत्ते सरकारी याद्यांमध्ये असतातच, मग हाही चालेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. वर फाटकाचा फोटो काढून चढवला.

एका समुपदेशक ताईंना तो लेख मी कौतुकाच्या अपेक्षेने दाखवला. त्या वाचत खाली आल्या आणि थांबल्या.

“हा पत्ता कुठून घेतलास गं?”

मी सांगितलं.

“तिथे राहणाऱ्या बाईचा नवरा हा लेख वाचणार नाही असं तुला का वाटलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाई घर सोडून गेली की माणसं तिला कशी शोधतात हे त्यांनी सांगितलं. फोनवरून, मुलांच्या शाळेतून, माहेरच्या शेजाऱ्यांकडून. दारात येऊन आधी रडतात, मग धमक्या देतात. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५चा. त्याखालच्या २००६च्या नियमांतच म्हटलं आहे की तिने सांगितल्यास ती तिथे असल्याचं गृहाने कोणाला कळू द्यायचं नाही. मी कायद्याची कलमं लेखात दिली होती, नियम उघडूनही पाहिले नव्हते.

मी तिथल्या तिथे पत्ता काढून टाकला. पण विकिपीडियावर खोडलेलं जात नाही. ‘इतिहास’वर टिचकी मारली की प्रत्येक जुनी आवृत्ती जशीच्या तशी उघडते. म्हणून मी चर्चा पानावर विनंती केली की ही आवृत्ती लपवा, आणि कोणती हे कळावं म्हणून तिचा दुवा दिला. म्हणजे ज्याला पत्ता सापडला नसता त्यालाही मीच वाट दाखवली. एका प्रचालकांनी ती विनंती हटवली, आवृत्त्या लपवल्या, आणि असं काही असेल तर जाहीर न लिहिता ईमेल करायची असते हे समजावलं. फोटोचं त्याहून वाईट. फोनने त्यात अक्षांश-रेखांश नोंदवले होते. फाटकावर पाटी नव्हती म्हणून तो फोटो मला निर्धोक वाटला होता. तोही हटवला गेला. मधल्या काळात तो मजकूर इतर संकेतस्थळांनी उचलला असेल का, हे मी सांगू शकत नाही. संस्थेला फोन करून सगळं सांगितलं, कारण सावध राहायचं तर ते त्यांनी राहायचं होतं. पलीकडच्या बाई रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त तारखा लिहून घेतल्या.

त्यानंतर मी लेख पहिल्यापासून वाचला, रात्री फोनवर तो उघडणारी बाई मनात धरून. तिच्या उपयोगाचं त्यात जवळपास काहीच नव्हतं. इतकंच नाही, लेखातून असा अर्थ निघत होता की मारहाण झाली की बाईनेच घर सोडायचं. कायदा तसं म्हणत नाही. कलम १७ तिला त्या घरात राहण्याचा हक्क देतं, मग घर कोणाच्याही नावावर असो. कलम १९ खाली दंडाधिकारी नवऱ्यालाच बाहेर पडायला सांगू शकतात. निवारा मागताना आधी तक्रार नोंदवलेली नसली तरी गृहाने तिला परत पाठवायचं नाही, हेही २००६च्या नियमांत आहे. ताईंनी हे आधी तोंडी सांगितलं होतं आणि मी “एका समुपदेशकांच्या मते” असं लिहून टाकलं होतं. कोणीतरी ते काढल्यावर मला राग आला होता. नियमाचा आधार दिल्यावर तेच वाक्य टिकलं, आणि ते टिकणं फार गरजेचं होतं. कारण आधी पोलिसांत जाऊन ये असं ऐकून परत फिरलेल्या बायकांबद्दल ताईंकडून मी ऐकलं होतं.

आता लेखात सर्वांत वर १८१ ही हेल्पलाइन आहे. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत तात्पुरतं राहता येतं, आणि तिथून पुढच्या निवाऱ्यात पाठवणी होते, हे आहे. खासगी संस्थांचे पत्ते नाहीत. कोणी भरले तर ते का काढायचे याची सूचना चर्चा पानावर लिहिली आहे, या वेळी दुव्याशिवाय.

एक परिच्छेद अजून धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या मसुद्याच्या पानावर, आहे. बऱ्याच निवाऱ्यांत मुलगा ठरावीक वयाचा झाला की त्याला आईसोबत ठेवून घेत नाहीत, आणि मोठा मुलगा असलेल्या कितीतरी बायका त्यापायी घर सोडायचं टाळतात. ही वयाची अट प्रत्येक योजनेत वेगळी आहे. मूळ मार्गदर्शक सूचना समोर ठेवूनच मी तो लिहिते आहे, आणि लेखात घालण्याआधी ताईंना वाचायला देणार आहे.