एक सज्जा, दोन जमाव

बुखारेस्टच्या क्रांतिचौकात आम्ही पोहोचलो तेव्हा कोवळे ऊन जुन्या राजवाड्यावर उतरले होते. राजा गेला, राजवाड्याचे कलासंग्रहालय झाले. जवळच लाल विटांचे लहानसे चर्च आणि विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. पण आमची दृष्टी खिळली ती समोरच्या करड्या, बोजड इमारतीच्या सज्ज्यावर. तो फारसा उंच नाही. वक्त्याला जमावाचे आणि जमावाला वक्त्याचे चेहरे दिसावेत, एवढाच.

एके काळी येथे रुमानियाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीचे ठाणे होते. 1955 मध्ये सोव्हिएत संघाच्या पुढाकाराने आठ राष्ट्रांचा वॉर्सा करार झाला, त्यांत रुमानिया एक. करारात सारे समान, असे कागदावर होते. शब्द मात्र मॉस्कोचा चाले. 1958 मध्ये सोव्हिएत फौजा रुमानियातून परतल्या आणि हा धाकटा भिडू हळूहळू आपल्या मनाने वागू लागला.

20 ऑगस्ट 1968 च्या रात्री कराराच्या फौजा झेकोस्लोव्हाकियात शिरल्या. त्या युतीची ही एकमेव मोठी संयुक्त मोहीम, आणि तीही स्वतःच्याच एका सदस्यावर! रुमानियाने तीत भाग घेतला नाही. दुसऱ्या दिवशी याच सज्ज्यावरून निकोलाय चाउसेस्कू यांनी त्या आक्रमणाचा उघड धिक्कार केला. खाली जमलेल्या हजारो लोकांचा ऊर अभिमानाने भरून आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बुखारेस्टला आले.

मग मॉस्कोने प्रागला चिरडले आणि बुखारेस्टला सोडले, ते का? आम्हांस वाटते, याचे उत्तर घरातच होते. प्रागमध्ये वृत्तपत्रांवरचे नियंत्रण सुटले होते, पक्षाची पकड सैल होत होती. बुखारेस्टमध्ये ती तसूभरही ढिली नव्हती. रुमानियाने कराराचे सदस्यत्वही सोडले नाही. त्याच वर्षी बाहेर पडला तो आल्बानिया. बाहेर ताठ मान आणि घरात करडा अंमल, असा हा व्यवहार होता. त्याची किंमत प्रजेने मोजली. परदेशी कर्ज फेडण्यासाठी 1980 नंतरच्या दशकात अन्नधान्य बाहेर पाठविले गेले. येथे पावासाठी रांगा लागल्या आणि हिवाळ्यात घरे गारठली.

21 डिसेंबर 1989. तोच सज्जा, तोच वक्ता, खाली पुन्हा हजारो माणसे. तिमिशोआरा शहरात निदर्शकांवर गोळीबार होऊन चारच दिवस झाले होते. भाषण चालू असता जमावात गलका उठला. वक्त्याने हात उंचावला, कोणी ऐकेना. दुसऱ्या दिवशी याच इमारतीच्या गच्चीवरून ते हेलिकॉप्टरने निसटले. 25 तारखेस पत्नीसह त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या धुमश्चक्रीत समोरच्या ग्रंथालयाची लाखो पुस्तके जळाली.

1 जुलै 1991 रोजी वॉर्सा करार विसर्जित झाला, आणि तोही प्रागमध्येच! 2004 मध्ये रुमानिया नाटोत सामील झाला.

चौकातील हुतात्म्यांच्या स्मारकापाशी आम्ही क्षणभर थांबलो. परक्याची सत्ता झुगारणाऱ्या राज्यकर्त्याला लोक डोक्यावर घेतात, आणि ते योग्यच. पण राष्ट्राचे स्वातंत्र्य आणि नागरिकाचे स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले मिळाले म्हणून दुसरे आपोआप पदरात पडत नाही. त्या दोहोंमधले अंतर तोडायला या सज्ज्याखालच्या माणसांना एकवीस वर्षे लागली.