गणपतीला गावी चाललात? बोक्याचं काय?

भाद्रपद जवळ आला की मुंबईत दोन गोष्टी मिळेनाशा होतात. एक, कोकणकन्येचं कन्फर्म तिकीट. दोन, मांजर सांभाळायला माणूस. तिकिटाला निदान वेटिंग लिस्ट तरी असते. मांजराच्या बाबतीत मात्र जिवाभावाची मैत्रीण म्हणते, "अगं, मीच चाललेय गुहागरला!" शेजारच्या काकू म्हणतात, "आमच्याकडे पाच दिवसांचा असतो गं, मला मान वर करायला फुरसत नाही." आणि आई फोनवर हसते. "मांजर सांभाळायला माणूस? आणि तेही पैसे देऊन?"

आईचं तसं बरोबरच आहे. आमच्या गावच्या घरातली मांजरं माशांच्या काट्यांवर आणि माळ्यावरच्या उंदरांवर जगतात. त्यांना कोणी कधी विचारलं नाही, बाई गं, चार दिवस राहशील ना एकटी? पण आमचा पेढा (केशरी-पांढरा, पाच किलो, नसबंदी झालेला) ठाण्यात आठव्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये वाढलाय. उंदीर म्हणजे कॉम्प्युटरचा, एवढीच त्याची समज.

मग बोर्डिंगमध्ये का नाही ठेवत? काही मांजरं राहतात मजेत, पण बहुतेकांना माणसापेक्षा जागा महत्त्वाची. ओळखीचा वास, ठरलेला कोपरा, खिडकीचा कठडा, हे सगळं काढून घेऊन पिंजऱ्यात बसवलं की कित्येकजण खाणंच सोडतात. आणि मांजराचा उपास हा काही आपल्या संकष्टीसारखा प्रकार नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. गुटगुटीत मांजरांना हा धोका जास्त. म्हणजे आपण ज्याला कौतुकाने 'खात्यापित्या घरचा' म्हणतो, त्यालाच!

ऑटोमॅटिक फीडरवाला एक पंथ आहे. मशीन भरा, पाण्याची दोन भांडी ठेवा, कॅमेरा लावा आणि सुटा. मला मशीनबद्दल काही वैर नाही. ते वेळेवर खाणं टाकतं, पण टाकलेलं खाल्लं का, हे बघायला कुणीतरी दार उघडून आत यावं लागतं. दिवसातून एकदा तर हवंच, दोनदा आलं तर उत्तम.

पेढ्याच्या बाबतीत दोनदाच, यावर मी अडून बसते. त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये एका संध्याकाळी तो तासाभरात सहा वेळा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसला. प्रत्येक वेळी जोर करायचा, बारीक ओरडायचा आणि तसाच बाहेर यायचा. पाहणाऱ्याला वाटावं, बद्धकोष्ठ आहे. रिक्षाने थेट डॉक्टर गाठले. त्यांनी पोट चाचपलं आणि लघवी अडकल्याचं सांगितलं. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, बारीक खडे किंवा चिकट गाळ बसला की ती बंद होते. मग लघवी आत तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं, आणि दिवस-दोन दिवसांत खेळ संपतो. कॅथेटर घातला, तीन रात्री तो ॲडमिट होता. तेव्हापासून त्याचं खाणं वेगळं, ओलं आणि महाग.

त्यामुळे 'मांजर सांभाळणे' याचा आमच्या घरातला अर्थ आहे गोळे मोजणे. गुठळी होणाऱ्या मातीचा हा फायदा. लघवीचा प्रत्येक वेळचा एक गोळा होतो. पेढ्याचे दिवसाला तीन ठरलेले, कधी चार. एकही नसला किंवा नुसते सुपारीएवढे पाच-सहा दिसले, की आरती बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन! हे वाक्य मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर लावलं. बाकीच्या सूचना त्याच्या खाली, लहान अक्षरांत.

माणूस शेवटी मिळाला. बी विंगमधली टीवायला असलेली मुलगी. तिच्याकडे गणपती असतो, पण दीड दिवसांचा. पहिल्या दिवशी ती आरतीच्या आधी येणार आणि नंतर हव्या त्या वेळी. फेरीला दीडशे रुपये ठरले. ती "ताई, पैसे कशाला?" म्हणाली, पण मी ऐकलं नाही. फुकटात सांभाळणाऱ्याला "आज लिटर काढलंस का गं?" असं विचारताना जीभ अडखळते. पैसे दिले की दोन्ही बाजूंनी मोकळेपणा राहतो.

जायच्या आधी एक रंगीत तालीम हवीच. मी सोफ्यावर गप्प बसले आणि तिला सांगितलं, मी घरात नाहीये असं समज. त्या अर्ध्या तासात घराने आपले सगळे अवगुण दाखवले. आमचं दार लॅचचं. बाहेरून किल्ली नसेल तर संपलं. ती लिटरची पिशवी टाकायला बाहेर गेली असती आणि वाऱ्याने दार लागलं असतं, तर किल्ली आत, पेढा आत आणि ही पॅसेजमध्ये. म्हणून किल्ली गळ्यातल्या दोरीत, असा नियम झाला. दुसरी किल्ली काकूंकडे. दुसरा नियम सेफ्टी डोअरचा. आधी ते आतून लावायचं, मगच आतल्या खोलीचं दार उघडायचं. बोक्याला फटीतून निसटायला दोन सेकंद पुरतात.

खिडक्यांचंही तेच. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजरासाठी पुरेशी असेलच असं नाही. कोपऱ्यातला हूक सैल झाला की तिथूनच डोकं बाहेर निघतं. मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायावर पडतं आणि त्याला काही होत नाही, हे मनातून काढून टाका. जबडा मोडतो, छातीला मार बसतो, जातातसुद्धा. आम्ही बेडरूमची खिडकी सरळ बंद केली आणि हॉलचा पंखा चालू ठेवला.

पंख्यावरून आठवलं. घर बंद करताना मेन स्विच पाडायचा हा आपल्याकडचा पिढीजात संस्कार. बाबांनी गावाहून फोन करून दोनदा विचारलं, "मेन स्विच बंद केलास ना?" नाही केला, बाबा. फ्रीजमध्ये पेढ्याचं उघडलेलं खाणं आहे. गॅस मात्र बंद केला.

लपण्याच्या जागांची यादी ही माझी स्वतःची भर. ढोल-ताशे सुरू झाले की पेढा अदृश्य होतो आणि नव्या माणसाची पाचावर धारण बसते. मी लिहून ठेवलं, दिवाणाच्या आत डाव्या बाजूला, फ्रीजच्या मागे, माझ्या साड्यांच्या खणात. वॉशिंग मशीनचं झाकण बंदच ठेवायचं. सापडला की ओढून काढायचं नाही, फक्त डोळे दिसले की पुरे. मी दोन दिवस वापरलेला टी-शर्टही न धुता दिवाणावर टाकून ठेवला. आईला हे सांगितलं नाही.

पुष्पगुच्छ घरातून बाहेर गेले. लिली दिसायला देखणी, पण तिचे पराग, पानं, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी निकामी करू शकतं. मखराची जरीची दोरी आणि शिवणाचा डबा कपाटात गेला. गिळलेला दोरा आतड्यात अडकतो. तो तोंडातून किंवा मागून बाहेर दिसला, तर ओढायचा नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. औषधांचा डबाही कुलपात. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखं, एवढं सांगितल्यावर ती मुलगी म्हणाली, "ताई, मी काय त्याला क्रोसिन देणारे?" देणार नव्हतीच. पण काळजीपोटी असं देणारी शहाणी माणसं असतात.

पिंजरा माळ्यावरून काढून हॉलमध्ये, दार उघडं, आत टॉवेल. शेजारी लसींचं पुस्तक, कारण ओरखडा आला तर रेबीजची लस कधी झाली हे तिला कळायला हवं. (ओरखडा आधी साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचा, आणि मग डॉक्टर.)

आता खरं टेन्शन. आमच्या गावात रेंज फक्त देवळाच्या टेकडीवर येते. मधल्या वेळात पेढ्याची लघवी पुन्हा अडकली, तर त्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने कुणाच्या परवानगीने कॅथेटर घालायला सांगायचं? डॉक्टरही मालकाच्या होकाराशिवाय थांबणार. म्हणून मी क्लिनिकमध्ये सहीचं पत्र देऊन ठेवलं. अमुक रकमेपर्यंतचे उपचार मला न विचारता सुरू करा, पुढचा निर्णय माझ्या दादाचा. दादाला त्याचा नंबर दिल्याचं आधी सांगितलं. रात्रीचं हॉस्पिटल कोणतं, तेही स्वतः फोन करून पक्कं केलं. बोर्डावर चोवीस तास लिहिलेलं असतं आणि सणाच्या रात्री शटर खाली, असं होऊ शकतं.

हे पत्र लिहिताना मात्र न जाण्याचा विचार जोरात आला. पण आजी चौऱ्याऐंशीची आहे. या वर्षीचे मोदक ती शेवटचे वळेल की अजून दहा वर्षं वळेल, कुणी सांगावं?

टेकडीवर मी रोज संध्याकाळी जायचे. मोबाइल थरथरायचा आणि बी विंगचा मेसेज यायचा. पहिल्या दिवशी, "ताई, दिसला नाही. पण बाउल रिकामा. 2." दुसऱ्या दिवशी, "फ्रीजच्या मागे. 3." चौथ्या दिवशी फोटो. ती जमिनीवर पुस्तक उघडून बसलेली आणि तिच्या नोट्सवर पेढा पसरलेला. खाली फक्त आकडा, 4.

निघताना आईने खाज्याची एक पुडी वेगळी बांधली. "तुझ्या त्या मांजरवालीला दे."

दिवाळीत ती मुलगी मामाकडे नागपूरला चाललीय. शोध सुरू आहे.