गिऱ्हाईक आणि ग्राहक

एकाच मुळापासून निघालेल्या दोन शब्दांचे नशीब किती भिन्न असावे! ‘ग्राहक’ हा शब्द घरंदाज. त्याचा वावर कायद्याच्या पुस्तकांत आणि आमच्या कचेरीतील परिपत्रकांत. ‘गिऱ्हाईक’ मात्र पेठेत वाढलेला. दुकानदार त्याची वाट पाहतो हे खरे. पण एखाद्याचे ‘गिऱ्हाईक करणे’ म्हणजे चारचौघांत त्याची फजिती करणे, हे मराठी माणसाला सांगावयास नको. पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, १९८६ साली संसदेने ग्राहक संरक्षणाचा कायदा केला आणि आपण सारे कागदोपत्री ग्राहक झालो. तथापि दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवताच आपल्यातले जुने गिऱ्हाईक जागे होते.

त्यातून गाव बदलीचे असले म्हणजे पाहावयासच नको. ‘दोन-तीन वर्षे काढावयाची, कशाला कोणाशी वाकडे घ्या?’ हे आपल्या परप्रांतातील संसाराचे ब्रीदच होऊन बसते. भाजीवाल्याशी घासाघीस करतानादेखील आपले हिंदी ऐन वेळी दगा देते, आणि मग मौन हेच शहाणपण ठरते.

गेल्या पावसाळ्यात लखनौस झड लागून राहिली असता, एका सायंकाळी मी माझ्या जुन्या मोटारीत पेट्रोल भरले. पंपापासून मैलभर गेलो नसेन, तोच ती आचके देऊ लागली आणि भर चौकात निपचित पडली. मेकॅनिकने टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडाकडे धरले. तळाशी एक निराळा थर स्पष्ट दिसत होता. ‘पानी है, साहब,’ एवढेच तो बोलला. टाकी उपसणे, फिल्टर बदलणे आणि मजुरी मिळून ३,८०० रुपये झाले.

पेट्रोल आणि पाणी यांचे सख्य नाही, हे आपण शाळेत शिकलो. परंतु आता या दोघांत तिसरा आला आहे. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२३ साली विक्रीस आले आणि दोन वर्षांत ते सर्वत्र रूढ झाले. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. थोडेसे पाणी ते पोटात घालते; पण मर्यादा ओलांडली, की त्या पाण्याला बरोबर घेऊन पेट्रोलपासून विभक्त होते आणि तळ गाठते. पंपाची टाकी जमिनीखाली असते. तिच्यात पावसाचे पाणी झिरपले, तरी एवढा अनर्थ घडू शकतो. म्हणजे माल सदोष असला तरी त्यामागे लबाडी असेलच असे नाही. म्हणूनच आरोप करण्याआधी तपासणी मागावी. प्रामाणिक विक्रेत्याचीही सुटका तिनेच होते.

आणि अशी तपासणी मागण्याचा आपणांस हक्क आहे. फिल्टर पेपरवर पेट्रोलचा थेंब टाकला असता तो दोनेक मिनिटांत उडून जावयास हवा. डाग राहिला तर भेसळीची शंका घ्यावी. घनता मोजून ती १५ अंश तापमानाच्या हिशेबाने नोंदवहीतील आकड्याशी ताडून पाहता येते. माप कमी वाटले, तर ५ लिटरचे प्रमाणित माप पंपावर ठेवलेले असते. टाकीच्या तळाशी पाणी असेल, तर मोजपट्टीला लावलेल्या लेपाचा रंग पालटतो.

दुसऱ्या दिवशी पंपावर जाण्यास निघालो, तेव्हा शेजारच्या मेजावरील गृहस्थ म्हणाले, ‘भाईसाहब, दफ्तर का नाम बता दीजिए, काम हो जाएगा.’ सल्ला सद्भावनेचा होता, पण मनाला पटेना. ज्याच्या खिशात सरकारी ओळखपत्र नाही, त्याने कोणाचे नाव सांगावे?

असा एकजण पंपावर उभाच होता. घरोघर सामान पोहोचविणारा विशीतला पोरगा. त्याची मोटारसायकल तशीच बंद पडली होती. व्यवस्थापक त्याच्याकडे पाहतही नव्हते. मला मात्र त्यांनी खुर्ची दिली आणि कोणत्या खात्यात आहा, असे विचारले. मी पावती पुढे करून म्हटले, ‘मैं आपका ग्राहक हूँ.’ मोजपट्टी टाकीत सोडली गेली. लेपाचा रंग पालटून वर आला. तेव्हा त्यांनी मला बाजूस घेऊन हळूच सांगितले, की तुमचे पैसे आत्ता देतो, लिहिणे-पुसणे नको.

महिनाअखेरीस लिपिकाला ३,८०० रुपये नकोसे नसतात. पण तो पोरगा आमच्याकडे टक लावून पाहत होता. मी तक्रारवही मागविली आणि दोघांच्याही तक्रारी तीत नोंदविल्या. त्याच्याजवळ पावती नव्हती. मोबाईलवरून चुकते केलेल्या पैशांची नोंद मात्र होती, ती पुरेशी ठरली. त्या टाकीची विक्री थांबली, नमुने नेले गेले, आणि महिन्याभरात आम्हां दोघांना दुरुस्तीचा खर्च मिळाला. त्याचा बुडालेला रोज मात्र कोणत्याच हिशेबात बसला नाही.

ही लढाई फार लहान. याच लखनौत व्यवस्थापनशास्त्र शिकलेला कर्नाटकातला तरुण एस. मंजुनाथ तेलकंपनीचा अधिकारी म्हणून लखीमपूर खीरी जिल्ह्यात पंप तपासीत होता. भेसळीविरुद्ध ठाम राहिला म्हणून १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. तोही परगावचाच होता. आणि २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलमाफियांनी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले. पंपावरची ती साधी मोजपट्टी अशा माणसांच्या बळावर उभी असते. तिच्याकडे बोट दाखविण्यास आपण संकोचावे, हे मला लाजिरवाणे वाटते.

आपणां बदलीवाल्यांना तर आता एक सबबही उरलेली नाही. जुन्या कायद्याने तक्रार विक्रेत्याच्या किंवा घटनेच्या गावीच करावी लागे. २०१९ च्या कायद्याने, जो जुलै २०२० पासून अमलात आला, ती आपण राहतो वा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगापुढेही करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क नाही. बदलीचा हुकूम आला, की मुलांचे दाखले, गॅसची जोडणी, अर्धे बिऱ्हाड सारे हलवावे लागते. त्या सामानात पावती आणि मेकॅनिकचे बिल यांना थोडी जागा ठेवावी. नव्या गावीही आपण ग्राहक म्हणूनच उतरू.