सहा नावांचे जहाज

करजगीच्या माणसाला पाणी म्हणजे भीमा. मराठीत ज्याला जहाज आणि कन्नडात हडगु म्हणतात, ते आपल्या मुलांना चित्रातच भेटते. प्रत्यक्ष पाहायचे तर सोलापूर गाठून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरावी. सकाळी सीएसएमटीला उतरले की बॅलार्ड पिअर चालत जाण्याइतके जवळ. मुंबई बंदराच्या या भागातूनच एप्रिल 2019 पासून ‘कर्णिका’ नावाचे भले मोठे पर्यटन जहाज गोवा, दीव अशा सफरी करू लागले. जलेश क्रूझेस ही त्याची कंपनी. लांबी सुमारे 245 मीटर, म्हणजे आपल्या एसटीच्या वीसेक गाड्या एकामागे एक लावल्या तर होईल एवढी.

कर्णिका म्हणजे कमळाच्या मधला गाभा. आपल्या कन्नड वाचकांना मात्र मैलारच्या जत्रेतला ‘कार्णिक’, ती एका ओळीची भविष्यवाणी, आठवली असेल. या जहाजाचे भविष्य कोणीच सांगितले नव्हते. भूतकाळ मात्र मोठा होता.

ते बांधले गेले इटलीत, मोनफाल्कोनेच्या गोदीत. 1990 मध्ये ‘क्राउन प्रिन्सेस’ म्हणून ते समुद्रात उतरले. रेन्झो पियानो या नामवंत वास्तुरचनाकाराने त्याच्या पुढच्या भागाला डॉल्फिनच्या डोक्यासारखी गोलाई दिली होती. पुढे मालक आणि बाजार बदलले तशी नावेही बदलली. 2002 मध्ये जर्मन पर्यटकांसाठी ‘आरोसा ब्लू’, 2004 मध्ये ‘आइडाब्लू’, 2007 मध्ये ब्रिटिशांसाठी ‘ओशन व्हिलेज टू’, 2009 मध्ये ऑस्ट्रेलियात ‘पॅसिफिक ज्युएल’ आणि 2019 मध्ये आपली ‘कर्णिका’.

अशा जहाजाला नवा मालक मिळाला की ते सुक्या गोदीत नेतात. पाणी उपसून तळ उघडा करतात, त्यावर चिकटलेले शिंपले खरवडतात, नवा रंग देतात. खोल्या, स्वयंपाकघरे, नाट्यगृह त्या त्या देशाच्या आवडीप्रमाणे सजतात. पोलाद मात्र तेच राहते. आपल्याला यात नवल वाटू नये. निजामाचे राज्य, मग हैदराबाद राज्य, 1956 ला म्हैसूर, 1973 ला कर्नाटक. 2014 ला गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. पाट्या बदलल्या, घरातल्या दोन्ही भाषा राहिल्या.

मग ‘कर्णिका’ का संपली? म्हातारपणाने नव्हे. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे सफरी थांबल्या. जहाज उभे असले तरी खर्च उभा राहत नाही. दिवे-पंख्यांसाठी इंजिन चालू लागते, कर्मचाऱ्यांचे पगार आणि बंदराचे भाडे चुकत नाही. तिकिटे विकली गेली नाहीत की हा डोंगर वाढतच जातो. त्याच वर्षी कंपनी बंद पडली, न्यायालयामार्फत जहाज विकले गेले आणि नोव्हेंबरात ते गुजरातेत अलंगला पोचले.

अलंगच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीच्या वेळी जहाज स्वतःच्या इंजिनाने वाळूकडे चढवतात. ओहोटी लागली की ते तिथेच रुतते. मग गॅस कटर घेतलेले मजूर, बहुतेक परराज्यांतून पोटासाठी आलेले, त्याचे तुकडे करतात. पोलाद भट्टीकडे जाते; पलंग, आरसे, कपबशा रस्त्याकडेच्या दुकानांत विकायला मांडतात.

याच 1990 सालचे आणखी एक जहाज, फ्रान्समध्ये बांधलेले ‘नॉर्डिक एम्प्रेस’, 2020 च्या अखेरीस विकले गेले. त्याला भारतात गिऱ्हाईक मिळाले आणि सप्टेंबर 2021 पासून ‘एम्प्रेस’ नावाने ते कॉर्डेलिया कंपनीकडून मुंबईहून फिरू लागले. दोघांचे वय एक, आजारही एक. एकाला चालवणारा भेटला, दुसऱ्याला मोडणारा.

डागडुजीने जहाजाचे वय लपते, आयुष्यही वाढते. पण त्याला वाचवते ते चालते राहणेच. शेतातल्या मोटारीपासून घरातल्या शिलाई मशीनपर्यंत, वापरात नसलेली वस्तू किती लवकर भंगार होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नकोच.