मेलेल्या माकडापासून सुरू होणारी गोष्ट

साथीच्या रोगावरची जंगलकादंबरी चांगली असेल, तर पहिल्या चाळीस पानांच्या आत एक माकड मरून पडलेलं सापडतं. माणसं नंतर आजारी पडतात. आधी रान गप्प होतं. मग कुणी लाकूडतोड्या किंवा वाटाड्या पायवाटेवर थबकतो, झाडाखाली पडलेलं काहीतरी बघतो, नाकाला धोतराचं टोक लावतो आणि तिथून पुढे पुस्तक हातातून सुटत नाही. मला हा क्षण फार आवडतो. कुणाला काही कळलेलं नसतं, डॉक्टर अजून शहरात असतो, रोगाला नाव नसतं. फक्त वाचणाऱ्याला ठाऊक असतं की काहीतरी निघालं आहे.

बोरिवलीत राहून अशी पुस्तकं वाचण्याची मजा वेगळीच. पूर्वेला आमच्या इमारतींच्या मागे नॅशनल पार्क सुरू होतं ते थेट ठाणे, मुलुंडपर्यंत पसरलेलं आहे. शंभर चौरस किलोमीटरहून मोठं खरंखुरं रान, त्यात तुळशी आणि विहार हे तलाव, आणि भोवती माणसांचा समुद्र. पावसाळ्यात रात्री खिडकी उघडी ठेवली की ओल्या पाल्याचा वास घरात येतो. महामार्गावरच्या ट्रकचे आवाज थोडे कमी झाले की बेडूक ऐकू येतात. अशा वेळी काँगोच्या किंवा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातलं रान वाचताना कल्पनेला फार लांब जावं लागत नाही.

हा नाद एकाएकी लागत नाही. मराठी वाचकाला भीतीची गोडी फार आधीपासून आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्या पुस्तकांची पानं निखळेपर्यंत ती घरोघर फिरली. मागून गुरुनाथ नाईक आले, नारायण धारपांनी अंधाऱ्या वाड्यांत नेऊन सोडलं. दुसरीकडे जंगलाचं स्वतंत्र कपाट होतं: कॉर्बेटची भाषांतरं, मारुती चितमपल्ली, व्यंकटेश माडगूळकर. माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ तर वानरांच्या टोळीवरच आहे, आणि माणसाला मध्ये न आणता त्यांनी सत्तेची सगळी क्रूरता दाखवली आहे. पण ही दोन कपाटं लायब्ररीत समोरासमोरच्या भिंतींना असायची. रहस्य वाड्यात किंवा शहरात घडायचं आणि जंगलात निरीक्षण व्हायचं. दोन्हींचा संगम मला पहिल्यांदा सापडला तो माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला, फुटपाथवरच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या ढिगात.

रिचर्ड प्रेस्टनचं ‘द हॉट झोन’ 1994 सालचं. ती कादंबरी नाही, खरी हकिकत आहे, पण कादंबरीने हेवा करावा अशी. केनियात माउंट एल्गनवर किटुम नावाची गुहा आहे. हत्ती रात्री तिच्यात शिरतात आणि मिठासाठी सुळ्यांनी भिंती खरवडतात. त्या गुहेत जाऊन आलेला माणूस काही दिवसांनी मारबर्ग विषाणूने मरतो. प्रेस्टन तुम्हाला त्या अंधारात नेतो आणि वटवाघळांच्या विष्ठेवर पाय ठेवायला लावतो. जेम्स रॉलिन्सची ‘अ‍ॅमेझोनिया’ ही निखळ कादंबरी. काही वर्षांपूर्वी हरवलेल्या तुकडीतला, एक हात नसलेला माणूस रानातून बाहेर येतो तो दोन्ही हातांसह. तो मरतो आणि त्याच्या शवाबरोबर रोग अमेरिकेत पोचतो. मग उलटा प्रवास सुरू होतो. तो माणूस आला कुठून, हे शोधत एक तुकडी रानात शिरते.

सगळा आनंद या उलट्या प्रवासात आहे, असं माझं ठाम मत आहे. रक्त, ताप, पिवळे अंगरखे, बंद काचा हे सगळं वरचं. आतली गोष्ट एका प्रश्नाची असते: तू कुठे गेला होतास आणि कशाला हात लावलास? रोग्याकडून त्याच्या गावाकडे, गावाकडून पाणवठ्याकडे, पाणवठ्यापासून झाडाकडे, झाडावरून प्राण्याकडे. नदीच्या मुखापासून उगमाकडे चालत जावं, तसं ते जाणं असतं. म्हणूनच गुप्तहेर आणि साथरोगतज्ज्ञ यांत मला फरक वाटत नाही. फक्त इथे गुन्हेगाराला हेतू नसतो, आणि त्यामुळे गोष्ट जास्त खोल जाते.

आणि या जातीची एक अव्वल कथा आपल्याच सह्याद्रीत घडली आहे.

1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात माकडं मरू लागली. वानर मेले, लाल तोंडाची माकडं मेली. रानात जाणाऱ्या माणसांना जबर ताप येत होता, अंग फुटत होतं, काहींना रक्तस्राव होत होता. पुण्यात 1952 साली स्थापन झालेलं विषाणू संशोधन केंद्र होतं, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तिथली माणसं निघाली. माकडं मरतात आणि माणसांना ताप येतो म्हटल्यावर पहिली शंका कसली यावी? पीतज्वराची. हा रोग आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहे, भारतात तो कधीच आलेला नव्हता, आणि आला असता तर आपल्याकडच्या डासांनी तो कुठवर नेला असता या विचारानेच अंगावर काटा येतो. कुठल्याही कादंबरीकाराला याहून चांगलं पहिलं प्रकरण सुचणार नाही.

तो पीतज्वर नव्हता. जो विषाणू हाती लागला त्याचे सख्खे नातलग निघाले रशियात, सैबेरियात, आणि तो डासांतून नव्हे, गोचिडींतून येत होता. त्या गोचिडी कशा गोळा करतात हे वाचलं तेव्हापासून ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. एक पांढरं जाडसर कापड रानातल्या पाचोळ्यावरून हळूहळू ओढत न्यायचं. थोड्या अंतरावर थांबायचं, कापड उलटायचं. पांढऱ्यावर मोहरीहून बारीक ठिपके चालताना दिसतात. चिमट्याने एकेक उचलून काचेच्या नळीत टाकायचा. हे काम करणाऱ्यांपैकी आणि पुण्याच्या प्रयोगशाळेतल्यांपैकी काहींना स्वतःला तो ताप आला. त्या माणसांची नावं आपल्या मुलांना पाठ असायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

आता धागा थेट मुंबईत येतो. सैबेरियाचा नातलग शिमोग्याच्या रानात आला कसा? पाखरांबरोबर तर नाही? हिवाळ्यात उत्तरेकडून लक्षावधी पक्षी आपल्याकडे येतात, त्यांच्या अंगावर गोचिडी असू शकतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्षी पकडून त्यांच्या पायांत कड्या घालण्याचं मोठं काम 1959 च्या सुमारास हाती घेतलं, त्याला जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले ते या शंकेपायीच. पुढे त्या कामात अमेरिकी लष्कराचा पैसाही आला, आणि 1970 च्या दशकात वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या लोकलेखा समितीत प्रश्न उठला: पाखरांवरून विषाणू पसरवण्याचा अभ्यास तर चालला नाही ना? पाखरांनी हा रोग आणल्याचं काही सिद्ध झालं नाही. पण त्या कड्यांमुळे आपले पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात ते मात्र कळलं. गोरेगावला फिल्मसिटीजवळ, नॅशनल पार्कच्या कडेला या सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. मुलं तिथे फुलपाखरं बघायला जातात. त्या पाऊलवाटांवरून चालताना मला हमखास आठवतो तो ताप आणि ती पाखरं.

क्यासनूरचा रोग कित्येक दशकं शिमोग्याच्या आसपास राहिला आणि मग सह्याद्रीच्या रानाने सरकत दोन्ही बाजूंना दिसू लागला. 2015 साली गोव्यात सत्तरीत, 2016 साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात, केर गावी आणि भोवताली. पुढच्या वर्षी बांद्याकडे. आपल्याकडे त्याला सरळ माकडताप म्हणतात. बोरिवली, भांडुप, घाटकोपर इथे राहणाऱ्या कितीतरी घरांची मुळं त्या पट्ट्यात आहेत. आमच्या मजल्यावरच्या काकी दोडामार्गच्या. त्या मार्चमध्ये गावच्या जावेशी फोनवर बोलत होत्या, स्पीकर लावलेला होता, आणि पलीकडून आवाज आला, “माकड मरान पडलां. आता काजी कोण काढतलो?” त्या एका वाक्यात एवढा थरार होता की मी दारातच उभी राहिले. डिसेंबरपासून मेपर्यंत त्या गोचिडीची पिल्लं पाचोळ्यात असतात, आणि नेमके तेच काजूचे दिवस. काजू काढायचे तर पाचोळ्यात हात घालावाच लागतो. गुरांसाठी पातेरा गोळा करायचा तरी तेच. न जावं तर वर्षाचं उत्पन्न जातं. मग आरोग्यसेविका घरोघर अंगाला लावायचं तेल देतात, माकड मेलेल्या जागेभोवती पावडर मारतात, मेलेल्या माकडाला हात लावू नका, लगेच कळवा, असं पुन्हा पुन्हा सांगतात.

कादंबऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथेच. त्यांना रोग माणसाकडून माणसाकडे उड्या मारत विमानतळावर पोचायला हवा असतो. माकडताप तसा नाही. माणसाकडून माणसाला तो होत नाही. विषाणूच्या लेखी माणूस म्हणजे संपलेली वाट. म्हणून त्याची बातमी मुंबईच्या पहिल्या पानावर येत नाही, पण काजूच्या बागेत गेलेल्या बाईसाठी तो तेवढाच जीवघेणा असतो. दुसरं असं की या कादंबऱ्यांत जंगल हाच खलनायक ठरतो. घनदाट, दुष्ट, माणसावर टपलेलं. क्यासनूरची हकिकत उलटं सांगते. रान तोडून शेती आत घुसली, गुरं चरायला आत शिरली, आणि गुरांच्या रक्तावर गोचिडी वाढल्या. तिलारीच्या खोऱ्यात रबराच्या लागवडीसाठी डोंगर उघडे होताना ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. माकड तर बिचारं पहिला बळी आणि पहिला निरोप्या.

नॅशनल पार्कातल्या कान्हेरीच्या लेण्यांत मी अधूनमधून जाते. वाटेवर माकडं असतात, काही लेण्यांच्या आतल्या अंधारात वटवाघळं. प्रेस्टन वाचल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा किटुमची आठवण येऊन अंगावर शहारा आला होता, आणि तो शहारा मला हवाहवासा वाटला. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्याचं पुण्याच्या संस्थेने 2021 साली जाहीर केलं. तरी कान्हेरीत मला भीती वाटते ती वटवाघळांची नाही. ती हजारो वर्षं अशीच लटकत आहेत. त्यांना काठीने डिवचणारी, खाऊच्या प्लास्टिकच्या पिशव्या माकडांच्या अंगावर फेकणारी टोळकी बघितली की पोटात गोळा येतो.

2020 मध्ये, करोनाच्या साथीत, मात्र यातलं एकही पुस्तक उघडवलं नाही. गोरेगावच्या नेस्कोत खाटा मांडल्या होत्या, रात्री महामार्गावरून फक्त अँब्युलन्स जायच्या, आणि मरणाची बातमी वाचायला कादंबरीची गरज नव्हती. पुन्हा वाचू लागले ते पुढच्या पावसाळ्यात. तेव्हा जाणवलं की या गोष्टींत मला हवा असतो तो एक माणूस, जो गर्दी पळते त्याच्या उलट दिशेला चालत जातो आणि पांढरं कापड पाचोळ्यावर पसरतो. असं कुणीतरी आहे, एवढं कळलं तरी धीर येतो.

माझी मराठी लेखकांना विनंती आहे. काँगो आणि अ‍ॅमेझॉन आम्ही पुष्कळ वाचले, आता माकडतापाची कादंबरी लिहा. तिच्यात दोडामार्गचे काजू येऊ देत, पुण्याची प्रयोगशाळा येऊ दे, पायात कडी घातलेलं पाखरू येऊ दे, तेलाच्या बाटल्या घेऊन घाटी चढणारी आरोग्यसेविका नायिका होऊ दे. रानाला दोषी ठरवू नका. आणि ती लवकर लिहा. बोरिवलीहून सुटणाऱ्या गाडीत खिडकीशी बसून ती वाचायला माझ्यासारखे पुष्कळजण तयार आहेत.