रक्ताचं नातं आहे, मग कागद कशाला?

हा प्रश्न आम्हाला वरवंडच्या एका घरात मुलीच्या आजीने विचारला. तिचा धाकटा मुलगा शिकून कॅनडाला गेला. त्याला मूल नाही. थोरल्याच्या तीन मुलींपैकी मधली, सात वर्षांची, त्याने न्यायची असं घरात ठरलं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर दत्तकपत्र झालं, नोटरीचा शिक्का बसला, लिहून देणाऱ्याने आठ हजार घेतले. पासपोर्टसाठी गेल्यावर कळलं, या कागदावर पोर देशाबाहेर जात नाही. मग आम्हाला निरोप आला.

खरा रस्ता लांबचा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याने परदेशातल्या सख्ख्या काका-मामा-आत्या-मावशीला मूल दत्तक घेता येतं, धर्म कोणताही असो. पण आधी काकाने तिथल्या मान्यताप्राप्त यंत्रणेकडून आपल्या घराची, मिळकतीची, तब्येतीची चौकशी करून घ्यायची. मोठा खर्च तिथेच. इकडे जिल्हा बाल संरक्षण कक्ष मुलीच्या घरी येऊन अहवाल करतो. कागद दिल्लीच्या 'कारा'कडे जातात. दत्तकाचा आदेश पूर्वी कोर्ट देत असे, सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकारी देतात. 'कारा'चं ना-हरकत पत्र मिळालं की मग पासपोर्ट, व्हिसा. मराठी दाखल्यांचं भाषांतर वेगळं, आणि पुण्याची प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली.

आपल्यातलेच काही कार्यकर्ते आमच्यावर चिडले. पोरगी वस्तीतून थेट कॅनडाला चाललीय, तुम्ही कशाला अडवता? जात मागे राहील, गाव मागे राहील. हा मुद्दा आम्ही हलका समजत नाही. पण ही कागदपत्रं कुणा साहेबाच्या लहरीतून आलेली नाहीत. भारतातली मुलं परदेशात देताना चाललेल्या गैरप्रकारांबद्दल एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्यातून 1984 चा लक्ष्मीकांत पांडे निकाल आला. तरीही आपल्याच पुण्यातल्या 'प्रीतमंदिर' संस्थेवर 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयला गुन्हा नोंदवावा लागला. संस्थेतल्या मुलासाठी 2017 च्या नियमावलीत देशातल्या पालकांना 40,000 रुपये होते, परदेशी पालकांना 5,000 डॉलर. एवढा फरक असला की लोभ कुठे वळणार ते सांगायला नको.

आणि दत्तक कायद्याशी आपलं नातं जुनं आहे. ज्या हिंदू कोड बिलापायी बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं, त्यात दत्तकाचं प्रकरण होतं. दत्तक कायदा झाला 21 डिसेंबर 1956 ला, महापरिनिर्वाणानंतर पंधरा दिवसांनी. जातीची अट गेली, दत्तहोमाची सक्ती गेली, मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच कायद्यात दत्तकाच्या बदल्यात पैसा किंवा मोबदला घेणं गुन्हा आहे. इकडे काकाने थोरल्या भावाला घराचा स्लॅब टाकून द्यायचं कबूल केलं होतं. घरात कुणालाच यात वावगं वाटलं नव्हतं. भावाने भावाला मदत करायची नाही का? करावी. पण ती मुलीच्या कागदाला बांधून नको, एवढंच आम्ही म्हणालो, तेव्हापासून आजी आमच्याशी बोलत नाही.

पहिल्या दोन भेटींत मुलीची आई बोललीच नाही. उसाच्या खुरपणीवरून यायची, चहा ठेवायची, आत जायची. संमतीवर आम्ही एमएला पानंच्या पानं लिहिली होती. इथे संमती म्हणजे स्टॅम्पपेपरच्या कोपऱ्यातली एक सही होती. तिसऱ्या भेटीत तिने विचारलं, "सुट्टीला येईल ना ती?"

आम्ही सांगितलं, काका आणेल तेव्हा येईल. पण दत्तक झाल्यावर कायद्याने ती तुमची मुलगी राहणार नाही, पुतणी होईल. आणि ते परत फिरवता येत नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्यालाही हे कुणी सांगितलं नव्हतं. लिहून देणाऱ्याने तर नाहीच.

"मग मला थोडं थांबू द्या," ती म्हणाली.

काकाची तिकडची चौकशी पूर्ण झाली आहे, तो दर रविवारी फोन करतो. मुलीलाही विचारावं लागणार आहे, पाच वर्षांपुढच्या मुलाची संमती लागते. आईची सही अजून झालेली नाही. आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहोत, सही मागायला नाही.